मोजलेले आणि न मोजलेले : १९४४ च्या मुंबई गोदी-अग्निकांडाच्या स्मरणाची चिकित्सा

१४ एप्रिल हा दिवस वरळीच्या बी.डी.डी. चाळींना कोणी सांगावा लागत नाही. आदल्या रात्रीपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची लगबग सुरू होते, निळ्या पताका लागतात, जांबोरी मैदानाच्या बाजूने मिरवणुका निघतात. त्याच दिवशी सकाळी, तेथून काही किलोमीटर अंतरावर, भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयात १९४४ साली गोदीत प्राणार्पण केलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते व देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. एकाच शहरात, एकाच दिवशी होणारी ही दोन स्मरणे परस्परांना ओळखत नाहीत. पहिल्या स्मरणात वस्तीच वस्तीचे स्मरण करते. दुसऱ्यात एक सरकारी सेवा आपल्या सहकाऱ्यांचे स्मरण करते. दुसरे स्मरण आदरणीय आहे, परंतु ज्या घटनेचे ते स्मरण आहे ती घटना केवळ एका सेवेवर कोसळलेली नव्हती. ती मांडवी, मशीद बंदर, डोंगरी, दाणा बंदर या गजबजलेल्या वस्त्यांवर कोसळली होती. ज्या बाबासाहेबांचा त्या दिवशी ५३ वा वाढदिवस होता, ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि गोदीत होरपळलेल्यांत मजुरांचा वाटा मोठा होता, हा योगायोगही दोन्ही स्मरणांच्या मधल्या जागेत पडून राहिला आहे. वस्तीच्या आपत्तीचे सेवेच्या पुण्यतिथीत रूपांतर कसे झाले आणि त्या रूपांतरात काय गळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घटना आणि तिचे नाव

घटनेचा तपशील अनेकांना ढोबळमानाने ज्ञात असला, तरी चिकित्सेसाठी तो पुन्हा मांडणे आवश्यक ठरते. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. इंग्लंडहून आणलेले सोने ३१ पेट्यांत होते. प्रत्येक पेटीत चार, अशा एकूण १२४ लगडी. कराचीत त्यावर सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी, वंगणतेल, लाकूड असा माल चढविण्यात आला. एरवी स्फोटके असलेले जहाज थेट गोदीत आणले जात नसे. बाहेर खाडीत उभे करून पडावांतून माल उतरविला जाई. युद्धाच्या घाईत हा नियम शिथिल झालेला होता. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातील कापसातून धूर येऊ लागला. पुढील दोन तास पाण्याचा मारा चालू राहिला. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की जागच्या जागी आग विझवावी, यावर कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे दारूगोळा-तज्ज्ञ व अग्निशमन दल यांच्यात एकवाक्यता झाली नाही. एकट्याने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. भोवतालच्या धक्क्यांवरील काम मात्र थांबविण्यात आले नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

या घटनेला इतिहासात ‘मुंबईचा स्फोट’ किंवा ‘गोदीतील स्फोट’ असे नाव मिळाले आहे. हे नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे आणि त्याचे अपुरेपण निरुपद्रवी नाही. स्फोट दोन होते व ते काही क्षणांत संपले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. वस्तीचा संहार बव्हंशी आगीने केला. स्फोटाने उधळलेल्या जळत्या कापसाच्या गाठी आणि तापलेल्या लोखंडाचे तुकडे गोदीची भिंत ओलांडून मांडवी-मशीद बंदरच्या छपरांवर, लाकडी माड्यांवर, धान्याच्या वखारींवर पडले आणि एकाच वेळी ठिकठिकाणी आगी भडकल्या. सह्याद्रीत वणवा पसरतो तो याच रीतीने. जळते पान, गवताचा पेटता झुपका वाऱ्याने उडतो आणि जाळरेषेच्या पलीकडे जाऊन पडतो. आग जमिनीवरून सरकत येते तशी ती आकाशातूनही येते. मुंबईत एका पिढीने शहरी वणवा पाहिला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. बंदर भागातील हमालांपैकी अनेक जण सातारा-पुण्याकडच्या डोंगराळ तालुक्यांतून आलेले होते. डोंगर पेटणे म्हणजे काय आणि गावाने मिळून हिरव्या डहाळ्यांनी तो झोडपून विझविणे म्हणजे काय, हे त्यांना गावाकडचे ठाऊक होते.

‘स्फोट’ म्हटले की घटना गोदीत राहते. ‘आग’ म्हटले की ती वस्तीत येते. स्फोटाला कारण लागते, दोषी लागतो, चौकशी लागते; तशी चौकशी झाली व घातपाताऐवजी कापसाजवळ कोणीतरी निष्काळजीपणे ओढलेली विडी वा सिगारेट हेच संभाव्य कारण मानले गेले. आगीला मात्र सर्वात आधी विचारावे लागते की, कोणाचे काय जळाले. विमा-व्यवहारातही आग आणि स्फोट या दोन निराळ्या गोष्टी मानल्या जातात, आणि भरपाईसाठी सरकारला १९४४ मध्येच स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. नावाची निवड केवळ भाषिक नसते, तिला व्यवहाराचे परिणाम असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सोने आणि शौर्य

आज या घटनेविषयी जे लेखन वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून दर एप्रिलमध्ये येते, त्याची दोन ठरलेली केंद्रे आहेत. पहिले केंद्र सोन्याचे. आकाशातून लगड पडली, कोणाच्या तरी छपरातून घरात आली, त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. पुढे गाळ उपसताना आणखी लगडी सापडल्या. ही कथा रंजक आहे आणि तिच्यात खोटे बहुधा काही नाही. परंतु तिचा वारंवार होणारा वापर पाहता, आपत्तीला अद्भुतकथेत नेऊन तिचा दाह कमी करण्याचे काम ती करते असे दिसते. सोने कोठून कोठे गेले हे लगडीगणिक सांगता येते. माणसे कोठे गेली, हे सांगता येत नाही.

दुसरे केंद्र शौर्याचे. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. स्फोटके आहेत हे कळल्यानंतरही त्यांनी नळ सोडले नाहीत. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि शौर्यकथेचा एक स्वभाव असतो : ती निर्णयाची जबाबदारी झाकते. ६६ जणांना त्या धक्क्यावर दोन तास उभे का राहावे लागले, हा प्रश्न विचारला की कथा गौरवाची राहत नाही, ती प्रशासकीय अपयशाची होते. ‘हुतात्मा’ या शब्दात मरणाऱ्याची निवड गृहीत असते. आदेश देणाऱ्यांत एकमत नसताना जागेवर थांबलेल्या माणसाला हा शब्द लावताना काही संकोच वाटावयास हवा होता. स्मरणविधीत तो दिसत नाही.

आकड्यांकडे पाहिले की या स्मरणाची रचना अधिकच स्पष्ट होते. लगडी १२४, पेट्या ३१, नष्ट झालेली जहाजे १३, जवान ६६. हे आकडे नेमके आहेत, कारण ज्यांची आधीपासून वही होती त्यांची मोजणी झाली. गोदीच्या विविध सेवांतील मृतांची संख्या, त्या जवानांसह, २३१ सांगितली जाते, तीही वहीतलीच. त्यापुढे आकडा विरघळू लागतो. सामान्य नागरिकांचे मृत्यू ‘पाचशेहून अधिक’; एकूण मृत कोठे ‘आठशे’, कोठे ‘तेराशेपर्यंत’. बेघर झालेले ‘सुमारे ऐंशी हजार’. ८०० आणि १,३०० यांच्या मधल्या पाचशे माणसांना ऐंशी वर्षांत कोणी शोधले नाही. ही पाचशे माणसे होती किंवा नव्हती, हे सांगता न येणे हा या घटनेविषयीच्या आजवरच्या लेखनाचा सर्वात गंभीर दोष मानावा लागेल.

युद्धकालीन बातमीबंदी हे याचे एक कारण निश्चितच आहे. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली, तर येथून तपशीलवार वृत्त बाहेर जाण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. ज्या शहरावर घाला पडला त्याला आपल्याविषयीची बातमी शत्रूच्या रेडिओकडून मिळावी, यातला अपमान वेगळाच. परंतु बातमीबंदी १९४५ मध्ये संपली. त्यानंतरच्या मौनाला ते कारण पुरत नाही.

वस्तीचा प्रतिसाद

प्रतिसाद हा शब्द आपत्ती-व्यवस्थापनाच्या परिभाषेत प्रशासनाच्या कृतीसाठी वापरला जातो. वस्तीच्या संदर्भात तो निराळ्या अर्थाने घ्यावा लागतो. जपानी विमानांचा हल्ला झाला असे समजून पळालेली माणसे, त्यांना थारा देणाऱ्या दूरच्या चाळी, रुग्णालयांच्या दारांतील गर्दी, आणि नंतर सावकाश परत येणे, किंवा न येणे, हे सर्व प्रतिसादातच मोडते. मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालेले होते. बंगालचा दुष्काळ ताजा होता. अशा वेळी ५०,००० टनांहून अधिक धान्य व अन्य खाद्यसाठा नष्ट होणे म्हणजे आगीची झळ शहराच्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचणे होय. धान्याच्या काळ्या बाजाराला त्यातून जोर चढला, हेही प्रतिसादाचेच एक अंग आहे आणि ते सोयीस्करपणे वगळून ‘मुंबईचा एकोपा’ सांगता येणार नाही. एकोपा आणि नफेखोरी एकाच गल्लीत, कधी एकाच पेढीत नांदतात.

मात्र या प्रतिसादातील सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित भाग श्रमाचा आहे. सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून जवळजवळ पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. हे वाक्य जवळपास प्रत्येक वृत्तांतात येते व एका ओळीत संपते. पाच लाख टन म्हणजे काय, याची कल्पना वखारीत पाठीवर पोते घेणाऱ्यालाच येऊ शकेल. त्या ढिगाऱ्यात न फुटलेले गोळे होते, कुजलेले धान्य होते, माणसांचे अवशेषही असणारच. ज्या कामाला सात महिने लागले त्यासाठी एखादा दगड, एखादी पाटी शहराने उभारल्याचे दिसत नाही. गोदीच्या कडेने जाणाऱ्या फ्रियर रोडला पुढे गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांचे नाव देण्यात आले, हीच काय ती या श्रमाची रस्त्यावरील अप्रत्यक्ष नोंद.

याउलट मुंबईच्या एका जुन्या आगीने शहराचा नकाशाच बदलला, हे येथे आठवणे उपयुक्त ठरेल. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत त्यानंतर कोटाभोवतीचे मैदान मोकळे ठेवण्याचा आग्रह वाढला आणि एतद्देशीय व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर उत्तरेकडे सरकली. आजची मोकळी मैदाने आणि मांडवी-भुलेश्वरची दाटी यांच्या मुळाशी ती आग आहे. म्हणजे एका आगीने ज्यांना बाहेर लोटले त्यांची बाजारपेठ १४१ वर्षांनी दुसऱ्या आगीत सापडली. १८०३ ची आग कोणाला आठवत नाही, तरी ती शहराच्या मांडणीत वाचता येते. १९४४ ची आग तारखेने आठवली जाते. मांडवीच्या गल्ल्यांत ती वाचता येत नाही. स्मरणदिन असणे म्हणजे स्मरण असणे नव्हे, एवढे तरी यावरून दिसते.

गिरणीला आवाज, गोदीला नाही

या विस्मृतीचे एक कारण मुंबईच्या श्रमिक-संस्कृतीच्या घडणीतच शोधावे लागते. गिरणगावाला शाहीर मिळाले, कवी मिळाले, जयंत पवारांच्या ‘अधांतर’सारखे नाटक मिळाले, नीरा आडारकर व मीना मेनन यांनी सिद्ध केलेला मौखिक इतिहास मिळाला. १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेली माणसे निदान स्वतःच्या शब्दांत उभी राहिली. गोदीला तेवढे भाग्य लाभले नाही. गिरणी कामगार लालबाग-परळ-वरळीच्या चाळींतून सलग राहत होता, एक भाषा बोलत होता, त्याचा गणपती आणि त्याची युनियन एकाच गल्लीत होती. बंदराचे जग तुकड्यांचे होते. पोत्याखाली घाटी हमाल, जहाजावर कोकणी मुसलमान खलाशी, पेढीवर कच्छी-गुजराती व्यापारी, धक्क्यावर रोजंदारीचा मजूर. यांपैकी बहुतेकांचे काम बदली किंवा हंगामी. राहणे गावकीच्या गाळ्यात, पाळीपाळीने. मुकादमाच्या टोळीत नाव असले तरी ते बहुधा पहिल्या नावापुरतेच. अशा जगाची आपत्ती एका भाषेत सांगितली जाणे कठीण होते.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गोदीत राबणारे वडील आहेत; दलित आत्मकथनांनी गोदीच्या दारापर्यंत मराठी वाचकाला नेले, हे मान्य केले पाहिजे. पण गिरणी ज्या प्रमाणात मराठी साहित्याचा विषय झाली त्या प्रमाणात गोदी झाली नाही. मराठी समीक्षेने ‘महानगरीय साहित्य’ म्हणून जे वाचले त्यात समुद्राकडे तोंड केलेले शहर फारसे नाही. मुंबईचे बंदर हे मुंबईचे कारण आहे. तरीही समीक्षेच्या दृष्टीने ते पार्श्वभूमीच राहिले. संरक्षण मिळण्यातही हा उशीर दिसतो. गोदी कामगारांच्या नियमित रोजगाराचा कायदा १९४८ मध्ये झाला, तर बाजारातील माथाडी-हमालांना अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये कायद्याचे छत्र मिळाले. १९४४ साली मांडवीत जळालेला हमाल कोणत्याच मंडळाच्या नोंदवहीत नव्हता.

मोजणी हाही प्रतिसाद

जगात अन्यत्र अशाच आपत्तींनंतर काय झाले, हे पाहिल्यास मुंबईचे मौन अपरिहार्य नव्हते असे लक्षात येते. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘मों-ब्लाँ’ हे स्फोटकांचे जहाज फुटले. तेथेही महायुद्ध चालू होते, तेथेही वस्ती बंदराला खेटून होती. परंतु त्या नगराने मृतांची नावे पिढ्यान्‌पिढ्या गोळा केली आणि स्मरणग्रंथात १,७८२ नावे नोंदविली. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये, हवाईतील माउई बेटावरील लाहैना हे छोटे शहर वणव्यात भस्मसात झाले. मृतांचा आकडा प्रथम शंभराच्या वर सांगितला गेला, अवशेषांची शास्त्रीय तपासणी झाल्यावर तो ९७ पर्यंत खाली आला, आणि पुढे ओळख पटत गेली तसा १०२ झाला. आकडा खाली येणे, मग पुन्हा एकेकाने वर जाणे, यात जी चिकाटी आहे तिला मदतकार्याइतकेच मोल आहे. प्रत्येक अंकामागे एक नाव लागते, असा आग्रह त्या नगराने धरला.

संपन्न देशांशी तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. १९४४ च्या मुंबईकडे रक्ताच्या तपासण्या नव्हत्या, हे खरे. पण दुसरे एक साधन होते आणि त्याचा विचार झालेला दिसत नाही. शहर शिधावाटपाखाली होते. कोणत्या घरात किती माणसे जेवतात, याची नोंद सरकारने त्याआधी वर्षभरापूर्वीच करून ठेवली होती. युद्धकाळातील मुंबई ही या अर्थाने हिंदुस्थानातील सर्वात बारकाईने मोजलेल्या शहरांपैकी एक होती. जिवंतांना किती धान्य द्यावयाचे हे ठरविण्यासाठी जी यादी करता आली, तीच मृतांच्या शोधासाठी उलटून पाहता आली असती. स्मशान-कबरस्तानांच्या वह्या, रुग्णालयांची नोंदपुस्तके, भरपाईचे अर्ज, पेढ्यांच्या जमाखर्चातील उचल न फेडलेल्या हमालांची खाती, यांपैकी जे काही शिल्लक असेल ते एकत्र वाचण्याचे काम आजही एखाद्या विद्यापीठीय विभागाला करता येण्याजोगे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे काम साहित्याच्या अभ्यासकावर आणि साहित्याच्या अभ्यासकाने इतिहासावर ढकलणे, हा आपल्याकडील आंतरविद्याशाखीयतेचा नेहमीचा प्रकार आहे.

वरळीच्या बाजूने

हा प्रश्न केवळ गतकाळाचा असता तर त्याची निकड कमी भासली असती. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर वरळीला लागूनच असलेल्या लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी अनेक जण प्रसाधनगृहात आश्रय घेऊन धुराने गुदमरले. त्यानंतरची चर्चा १९४४ च्याच दोन वाटांनी गेली. एकीकडे दोषी कोण, दुसरीकडे जीव वाचविणारे शूर कोण. परवाने, अटका, निलंबने यांच्या बातम्या झाल्या आणि त्या व्हावयासच हव्या होत्या. परंतु जुन्या गिरणीच्या आवारात कोण काम करते, रात्री किती माणसे आत असतात, बाहेर पडण्याची वाट कोणाला ठाऊक असते, ही वस्तीची माहिती त्या चर्चेत क्वचितच आली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अस्तित्वात आहे. तो इमारतीची तपासणी सांगतो. वस्तीची स्मृती हा त्याचा विषय नाही आणि असूही शकत नाही.

वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर मधोमध समाईक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. म्हाडाच्या पुनर्विकासातून चाळीस मजली इमारती उभ्या राहत असून १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. शंभर वर्षे वाट पाहून मिळालेल्या घराविषयी कोणी कुरकुर करू नये. तरीही एक फरक नोंदवावा लागतो. चाळीत कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा दार लावून झोपतो, हे पॅसेजमधल्या पोरांनाही ठाऊक असे. ती न लिहिलेली यादी होती. बत्तिसाव्या मजल्यावरच्या बंद दारांमागची माणसे कोणाला ठाऊक असतील? पाण्याचे नळ, फवारे, आश्रयमजला यांची सोय आराखड्यात असते. ही यादी तेथे नसते. जयंतीची वर्गणी गोळा करताना मंडळाचे कार्यकर्ते दरवर्षी दारोदार जातात आणि घरटी नाव लिहून घेतात. नव्या इमारतींत सध्या तरी घराघराची नावे असलेली अशी एवढी एकच वही वस्तीच्या स्वतःच्या हातात आहे.